‘गेट’ची वही

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी बऱ्याच वर्षांपासून इंग्रजी शिकवते आहे. कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेत आमच्या मुलांची प्रथम भाषा मराठी असते. तिच्या जोडीला इंग्रजी आणि कन्नड याही भाषा असतात. तीन भाषा आणि तीन लिप्या एकाच वेळी सांभाळणारी ही मुले इंग्रजीत कच्चीच असतात, असे सरसकट बोलले जाते, ते मला मान्य नाही. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ यांसारखे शब्द ती पत्रलेखनात आणि निबंधात बिनचूक वापरतात. ती अडतात ती लहानशा, रोजच्या क्रियापदांपाशी, आणि त्यांतही ‘गेट’ (get) या क्रियापदापाशी सर्वांत जास्त. या एका क्रियापदासाठी मी मुलांकरिता वेगळी वही तयार केली. ते काम कसे होत गेले आणि त्यात काय उमगले, ते इथे लिहिते आहे.

निमित्त झाले ते एका माजी विद्यार्थ्याचे. आयटीआय करून तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागला होता. तिथले साहेब लोक बाहेरचे, त्यामुळे बोलणे बहुतेक इंग्रजीतूनच चाले. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने खिशातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ‘गेट द ड्रॉइंग’, ‘गेट इट चेक्ड’, ‘द टूल इज गेटिंग हॉट’, ‘गेट हिम टु साइन’, ‘व्हेन डिड यू गेट हिअर?’ अशी वाक्ये त्याने ऐकली तशी देवनागरीत उतरवून घेतली होती. “बाई, बाकीचं सगळं कळतंय, ह्यो एकच शब्द नडतोय, आणि त्यो तर प्रत्येक वाक्यात हाय,” असे तो म्हणाला. त्याच्याजवळच्या छोट्या शब्दकोशात ‘गेट’ म्हणजे मिळणे, मिळवणे, एवढेच दिले होते. तो अर्थ घेऊन त्या कागदावरचे पहिले वाक्य कसेबसे लागत होते. पुढची चारही वाक्ये हाती लागत नव्हती.

त्या कागदापासून मी वाक्ये गोळा करायला सुरुवात केली. पाठ्यपुस्तके, इंग्रजी वर्तमानपत्रे, क्रिकेटचे समालोचन, बँकेचे आणि रेल्वेचे मोबाइलवर येणारे संदेश, जिथे ‘गेट’ दिसेल वा ऐकू येईल तिथून ते वाक्य उचलायचे आणि एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचे, असा नेम ठेवला. चिठ्ठ्या पुरेशा झाल्यावर त्यांची पहिली वाटणी मराठी अर्थांनुसार केली. मिळणे, मिळवणे, आणणे, पोहोचणे, कळणे हे गठ्ठे लगेच पडले. त्यानंतर मात्र प्रत्येक चिठ्ठी नवाच गठ्ठा मागू लागली. ‘गेट अँग्री’ म्हणजे राग येणे, ‘गेट हंग्री’ म्हणजे भूक लागणे, ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडणे, ‘इट इज गेटिंग लेट’ म्हणजे उशीर होणे आणि ‘गेट वेट’ म्हणजे नुसते भिजणे. मराठीत पाच वेगवेगळी क्रियापदे येतात, पण इंग्रजीत पाचही ठिकाणी रचना एकच आहे: ‘गेट’ आणि त्याच्यापुढे एक विशेषण. म्हणून चिठ्ठ्या पुन्हा एकत्र केल्या आणि ‘गेट’च्या पुढे काय येते, एवढेच पाहून त्या नव्याने लावल्या. पुढे नाम आहे, विशेषण आहे, स्थळ आहे, ‘चेक्ड’, ‘डन’ यांसारखे धातुसाधित आहे, की माणूस आणि त्याच्यामागून ‘टु’ आहे? या वाटणीत गठ्ठे मोजकेच पडले आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीला जागा मिळाली. सबंध वही याच पायावर उभी आहे, आणि शब्दकोशातल्या अर्थांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हा मार्ग मुलांना कितीतरी जवळचा पडतो, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजीची लहान क्रियापदे मोठमोठ्या कोशकारांनाही पुरून उरलेली आहेत. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘टेक’ या एका क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदलेले आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात पूर्वी ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती, सुधारित आवृत्तीचे काम करताना २०११ च्या सुमारास ‘रन’ने तिला मागे टाकले, आणि ‘रन’च्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. आधुनिक इंग्रजीत अधिकात अधिक वेळा येणाऱ्या क्रियापदांत ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’ यांच्या पाठोपाठ ‘गेट’चा क्रम लागतो. ही माहिती मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते, कारण हा शब्द आपल्यालाच अवघड जातो अशी जी समजूत त्यांच्या मनात घर करून असते, ती आधी जावी लागते.

‘गेट’ मूळचा इंग्रजीचा नाही, ही गोष्टही त्यांना फार आवडते. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियातून आलेले लोक वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’पासून ‘गेट’ आले. जुन्या इंग्रजीत याच कुळातला धातू होता, पण तो एकटा न येता उपसर्ग घेऊन येई. ‘फर्गेट’मध्ये तो आजही टिकून आहे. ‘टेक’ हेही नॉर्सकडूनच आले, आणि ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामेसुद्धा. शेजारी राहणाऱ्या, एकाच बाजारात देवघेव करणाऱ्या माणसांच्या भाषा एकमेकींना घरगुती वापरातले शब्दच आधी देतात. हे सीमाभागातल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीत कन्नडमधून आले, हे ऐकल्यावर नॉर्स आणि इंग्रजी यांचे नाते त्यांना आपोआप कळते.

वही वर्गात नेण्याआधी मुलांची तयारी करून घ्यायची होती. त्यासाठी मी फळ्यावर ‘लावणे’ हे आपले क्रियापद लिहिले आणि काय काय लावतात ते सांगायला सांगितले. दिवा लावणे, दार लावणे, रोप लावणे, तेल लावणे, कुकर लावणे, टीव्ही लावणे, फोन लावणे, चष्मा लावणे, हात लावणे, नाव लावणे, हजेरी लावणे, पैज लावणे, अर्थ लावणे, शोध लावणे, जीव लावणे, वेळ लावणे, कामाला लावणे, करायला लावणे. फळा भरला तरी मुले थांबेनात. मग मी विचारले, की मराठी शिकायला आलेल्या परक्या माणसाने “लावणे म्हणजे काय?” असे विचारले तर काय सांगाल? बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, काय लावलंय ते आधी सांगा म्हणावं, मग सांगतो.” मला हवे होते ते तिने एका वाक्यात सांगितले होते. ‘गेट’च्या बाबतीतही हेच करायचे, पुढे काय आले आहे ते आधी पाहायचे, असे सांगून मी वही उघडली.

आमच्या शाळेत कन्नड शिकवणारे सहकारी तेवढ्यात दारात आले होते. फळा पाहून ते आत आले आणि त्यांनी आमच्या यादीशेजारी आपली यादी मांडली. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘हच्चु’ हे क्रियापद असेच चालते: दीपा हच्चु, एण्णि हच्चु, गिडा हच्चु, फोन हच्चु, केलसक्क हच्चु. म्हणजे दिवा, तेल, झाड, फोन आणि काम या पाचही ठिकाणी मराठीचे ‘लावणे’ आणि इथल्या कन्नडचे ‘हच्चु’ बरोबरीने चालतात. करायला लावणे यालाही ‘माडाक हच्चु’ आहे. दार मात्र कन्नडमध्ये ‘हाकु’कडे जाते. शेकडो वर्षे शेजारी राहिल्याने दोन भाषांच्या क्रियापदांचे व्यवहार किती जुळून येतात, हे मुलांनी त्या दिवशी स्वतः पाहिले. माझी वही इंग्रजीची असली तरी तिच्यात कन्नडचा रकाना तेव्हापासून आला, आणि त्याचा उपयोग मी धरला होता त्याहून पुष्कळ जास्त झाला.

नामाचा गठ्ठा तसा सोपा असतो, पण त्यात एक अडचण आहे आणि ती कर्त्याची आहे. मराठीत ‘मला पत्र मिळाले’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि ज्याला मिळाले तो चतुर्थीत राहतो. कन्नडमध्येही तसेच, ‘ननगे सिक्कितु’. इंग्रजीत मात्र ‘आय गॉट अ लेटर’ असे म्हणताना घेणारा माणूसच कर्ता होतो. त्याने काही केले नाही, पत्र आपोआप आले, तरीही. दुसरे असे, की मराठी ‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांत भेद करते. पाऊस पडल्याने सुट्टी मिळते आणि अभ्यास करून गुण मिळवावे लागतात. ‘गेट’मध्ये हा भेद नाही, तो संदर्भावरून ठरवावा लागतो. आमच्या भागात ‘मिळणे’ऐवजी ‘गावणे’ सर्रास वापरतात. “बस गावली न्हाई” आणि “त्यो बाजारात गावला” या दोन्ही वाक्यांत एकच क्रियापद आहे, आणि कन्नडचे ‘सिगु’ही बस मिळण्याला आणि माणूस भेटण्याला दोन्हीकडे चालते. बोलीतला हा शब्द वर्गात लाजून टाळायचा नाही, असे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण एका शब्दाने अनेक कामे कशी होतात हे ‘गावणे’ जितके चांगले दाखवते तितके प्रमाण मराठीचे ‘मिळणे’ दाखवत नाही.

विशेषणाच्या गठ्ठ्यात ‘इज’ आणि ‘गॉट’ यांतला फरक पक्का करून घ्यावा लागतो. ‘ही इज वेट’ म्हणजे तो भिजलेला आहे. ‘ही गॉट वेट’ म्हणजे तो भिजला. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात स्थिती बदलल्याची घटना आहे. लग्नाच्या बाबतीत ‘इज मॅरिड’ आणि ‘गॉट मॅरिड’ यांतही तेच. स्थळाच्या गठ्ठ्यातही हाच धागा येतो: ‘वी गॉट टु लोंढा अ‍ॅट सिक्स’, म्हणजे आधी तिथे नव्हतो आणि सहाला तिथे आलो. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत येणे किंवा आणणे, हे सूत्र सापडल्यावर उरलेल्या चिठ्ठ्यांचा उलगडा होऊ लागला. ‘आय हॅव गॉट अ पेन’ याचा अर्थ ‘माझ्याजवळ पेन आहे’ असा का होतो, हेही त्यातून सांगता येते: पेन मिळालेला आहे, म्हणून तो आता जवळ आहे.

सर्वांत जास्त वेळ मी दिला तो ‘गेट इट डन’ या रचनेला, कारण कारखान्यातल्या त्या मुलाची खरी अडचण इथेच होती. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी काल केस कापले’, ‘मी शर्ट शिवला’, ‘आम्ही घर बांधले’. केस न्हाव्याने कापले, शर्ट शिंप्याने शिवला आणि घर गवंड्याने बांधले, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असते. हीच वाक्ये शब्दशः इंग्रजीत नेली, तर ‘आय कट माय हेअर’ याचा अर्थ मी स्वतः हातात कात्री घेऊन केस कापले असा होतो. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ असेच म्हणावे लागते. ‘केस कापून घेतले’, ‘शर्ट शिवून घेतला’, ‘घर बांधून घेतले’ या मराठी रचना अशा वेळी बरोबर जुळतात, पण बोलताना आपण त्या नेहमी वापरत नाही, आणि म्हणून केवळ मराठी बोलणाऱ्या मुलाला इथे ‘गेट’ची गरज जाणवत नाही.

कन्नड मात्र इथे सूट देत नाही. ‘मने कट्टिदे’ म्हणजे मी स्वतः बांधले आणि ‘मने कट्टिसिदे’ म्हणजे बांधून घेतले. मधल्या एका ‘सि’ने दुसऱ्याकडून करवून घेतल्याचे कळते. शिवून घेतले याला ‘होलिसिदे’, करून घेतले याला ‘माडिसिदे’. हे मी फळ्यावर मांडले आणि ‘कट्टिसिदे’च्या खाली ‘गॉट इट बिल्ट’, ‘होलिसिदे’च्या खाली ‘गॉट इट स्टिच्ड’, ‘माडिसिदे’च्या खाली ‘गॉट इट डन’ असे लिहिले. ज्या मुलांच्या घराशेजारी कन्नड बोलले जाते त्यांच्या हे तत्काळ ध्यानात आले, आणि त्यांनीच ते शेजारच्या बाकावरच्यांना समजावून दिले. इंग्रजीच्या तासाला कन्नड वापरल्याबद्दल कोणी मला बोल लावला, तरी मी ते सोडणार नाही. मुलाजवळ जी भाषा आधीच आहे तिच्यातून दुसरी भाषा उघडत असेल, तर ती बाजूला ठेवणे हा मुलावर अन्याय आहे.

माणूस मध्ये आला की रचना थोडी बदलते: ‘गेट हिम टु साइन’. इथे ‘टु’ लागतो. ‘मेक हिम साइन’मध्ये लागत नाही. ‘मेक’मध्ये सक्ती आहे, म्हणजे सही करायला लावणे, ‘गेट’मध्ये बहुधा सांगून, समजावून, मागे लागून सही घेणे आहे. उद्यमबागेतल्या मुलाला त्याच्या साहेबांनी दमदाटी करायला सांगितले नव्हते. सही तेवढी मिळव, एवढेच म्हटले होते. हा फरक त्याला कळला तेव्हा त्याचा चेहरा खुलला, कारण तो वरिष्ठ कामगाराकडे सही मागायला जाताना उगाच घाबरत होता.

यानंतर मुलांना हमखास चकवणारी एक जोडी आहे. ‘आय गॉट टु सी द मॅच’ म्हणजे मला सामना पाहायला मिळाला, आणि ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे मला जावे लागणार. पहिल्यात संधी आहे, दुसऱ्यात भाग पडणे आहे. बोलताना दुसऱ्यातला ‘हॅव’ गळून पडतो किंवा नुसता ‘व्ह’ उरतो, आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. मराठीत यासाठी ‘मिळणे’ आणि ‘लागणे’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत, त्यामुळे मराठी प्रतिवाक्य शेजारी लिहून घेतले की मुले सहसा चुकत नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती काढून त्यातली ‘लागणे’ची लांबलचक नोंद मी एकदा मुलांना दाखवली होती. आपल्या भाषेतले एवढेसे क्रियापद इंग्रजीत समजावताना त्या कोशकारालाही किती जागा खर्चावी लागली, हे पाहून ती चकित झाली.

‘गॉट कॉट’, ‘गॉट बिटन’ यांसारख्या कर्मणी रचनेवर मी फार रेंगाळत नाही. ती बोलण्यात येते, बहुधा कोणावर काही प्रसंग ओढवल्याचे सांगताना येते, आणि मराठीत तिच्यासाठी ‘सापडला’, ‘कुत्रा चावला’, ‘मार बसला’ अशी नेमकी वाक्ये आहेत, एवढे सांगून पुढे जाते. अमेरिकन इंग्रजीत ‘गॉटन’ हे रूप ऐकू येते, ते जुने रूप आहे आणि तिकडे टिकले आहे. परीक्षेत ‘गॉट’च लिहावे, हेही एका ओळीत आटोपते.

लेखी आणि तोंडी इंग्रजीतला फरक मात्र विस्ताराने सांगावा लागतो. आम्ही शिकलो तेव्हा ‘गेट’ टाळा, चांगला शब्द वापरा, असे शिकवले जाई. अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात ‘आय हॅव रिसीव्हड युवर लेटर’ हे आजही अधिक शोभते. पण हीच शिकवण लावून धरल्यामुळे मुलांची अवस्था अशी झाली, की त्यांना अर्ज लिहिता येतो आणि फोनवर ‘डिड यू गेट इट?’ असे कोणी विचारले तर उत्तर सुचत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुले आज पुण्याला, बंगळुरूला, गोव्याला कामाला जातात. मुलाखतीत आणि कामाच्या जागी त्यांच्याशी जे इंग्रजी बोलले जाते ते या लहान क्रियापदांवरच चालते. म्हणून वहीत प्रत्येक वाक्याच्या दोन बाजू ठेवल्या आहेत: बोलताना काय म्हणाल आणि लिहिताना काय लिहाल.

शेवटचा भाग शब्दयोगींचा. ‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट थ्रू’, ‘गेट अलाँग’ हे एकेक करून शिकावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. पण वाहनांची जोडी मुलांना लगेच कळते. बसला, रेल्वेला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. मोटारीला, रिक्षाला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला ‘ऑन’, ज्यात वाकून शिरावे लागते त्याला ‘इन’, हा ढोबळ नियम त्यांना पुरतो. आपणही बसमध्ये चढतो आणि रिक्षात बसतो. उतरतो मात्र दोन्हींतून. हे एका मुलानेच लक्षात आणून दिले, आणि त्याचे वाक्य मी वहीत तसेच ठेवले आहे.

वहीच्या झेरॉक्स प्रती आता शेजारच्या गावांतल्या काही शाळांतूनही वापरल्या जातात, आणि मुले स्वतः चिठ्ठ्या आणून देतात. सध्या ‘टेक’च्या चिठ्ठ्या जमा होत आहेत. त्यांतली ‘टेक अ‍ॅन एक्झाम’ ही चिठ्ठी कुठे ठेवायची यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही. मराठीत मुले परीक्षा देतात आणि शिक्षक ती घेतात, कन्नडमध्ये मुले परीक्षा लिहितात, आणि इंग्रजीत ती मुलेच घेतात. पुढच्या आठवड्यात कन्नडच्या सरांना पुन्हा वर्गावर बोलावले आहे. त्या तासाला आम्ही तिन्ही भाषांची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडून पाहणार आहोत.